रंगूबाईच्या घरचा पहारा

या, असे जवळ या. सतरंजीला जागा आहे, खांबाला टेकलात तरी चालेल. कीर्तनाचे बुवा अजून इंदापूरच्या स्टँडवरच असतील, त्यांची मोटार कधी वेळेवर आलेली मी पाहिली नाही. मृदंगाला कणीक लावून होईपर्यंत एक गोष्ट सांगतो. गोड नाही, आधीच सांगतो. भांडणाची आहे. देवळात बसून भांडणाची गोष्ट सांगावी का, असं मनात येतं. पण ते भांडण झालं या देवळातच, तुम्ही बसला आहात त्याच फरशीवर.

सहा वर्षं झाली, त्रेपन्न साल होतं. ज्येष्ठातला आपला सप्ताह चालू होता. नव्या माणसांसाठी सांगतो, सप्ताहाचे सात दिवस ही वीणा जमिनीला टेकवायची नाही. कोणी ना कोणी ती गळ्यात घेऊन इथे विठ्ठलापुढे उभं राहायचं आणि तार छेडत नाम घ्यायचं. दोन दोन तासांचा एकेका घराचा पहारा. एकाचा संपला की दुसऱ्याने घ्यायची. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या पाया पडायचं, घेणाऱ्याने देणाऱ्याच्या, आणि मगच वीणा गळ्यातून गळ्यात. बाप लेकाच्या पाया पडतो, पाटील गड्याच्या पडतो. ते झाल्याशिवाय वीणा हलत नाही.

पहाऱ्याची यादी मी लिहितो. त्यात माझी अक्कल काही नाही, कालव्याच्या पाण्याची जी पाळी तीच पहाऱ्याची पाळी. ज्याच्यानंतर ज्याचं रान भिजतं, त्याच्यानंतर तो उभा राहतो. आणि एक गोष्ट आपल्या गावात फार कडक आहे. दुसऱ्याच्या घरचा पहारा कोणी घ्यायचा नाही. घेतला तर त्या घराचं नाव यादीतून पुसलं, असा त्याचा अर्थ. आजवर एकाही घराचं नाव पुसलेलं नाही. पुसायचं पाप कोणाला नको असतं.

कालव्याच्या आमच्या फाट्यावर शेवटून दुसरं रान बापूसाहेबांचं, चाळीस एकर ऊस आणि दोन गुऱ्हाळं. अगदी शेवटचं रान रंगूबाईचं. दीड एकर, त्यात वांगी, मिरची, मेथी. नवरा महिपती आदल्या वर्षी वारला होता. मुलगा जोतीराम त्या साली मॅट्रिक झाला, आणि असा तसा नाही. बारामतीच्या शाळेत पहिल्या तिघांत. पुण्याच्या कॉलेजात नाव लागलं होतं. फी शनिवारपर्यंत भरायची होती. सरकारी फीमाफी वगैरे काही आमच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

पण गावाची पेटी होती. ती बघा, गरुडाच्या मागे भिंतीत बसवलेली. गुळाची प्रत्येक ढेप बारामतीच्या पेठेत विकली की तिच्यामागे एक आणा या पेटीत पडायचा, गावातलं जे पोर कॉलेजात जाईल त्याच्या फीसाठी. पेटीला दोन कुलपं. एक किल्ली बापूसाहेबांच्या करगोट्याला, दुसरी माझ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय झाकण उघडत नाही.

पेटी पहिल्यांदा उघडली ती बापूसाहेबांच्याच पुतण्यासाठी, मानसिंगसाठी. मानसिंग दोन वर्षं पुण्यात राहिला आणि परत आला तेव्हा त्याला तीन नवे शर्ट होते, केसांचा कोंबडा होता आणि पहिल्या वर्षाची परीक्षा तशीच बाकी होती.

सप्ताहाच्या चौथ्या दिवशी, सकाळची काकड आरती झाल्यावर, रंगूबाई जोतीरामचा कागद घेऊन देवळात आली. बापूसाहेब खांबाला टेकून बसले होते. कागद त्यांनी वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"पोरगं हुशार हाय," ते म्हणाले. "पण पेटी आता उघडायची न्हाय. फी ज्याची त्यानं भरायची. मी ठरवलंय."

"तुमी ठरवलंय? पेटी गावाची हाय न्हवं?"

"गावाची हाय, पण आणा उसाचा हाय. तुझ्या वांग्याचा किती पडलाय त्यात?"

रंगूबाईचा चेहरा उतरला नाही, उलट ती पुढे सरकली. "मानसिंगच्या वक्ताला न्हाय इचारलं कुणी कुणाचा आणा ते."

"मानसिंगनंच शिकवलं मला!" बापूसाहेब कडाडले. माझ्या हातातले टाळ आपोआप थांबले. "फुकट मिळालं म्हनून फुकलं त्यानं. सवताच्या घामाचं असतं तर सिनेमाच्या दारात उभा ऱ्हायला नसता. मी सातवी कशी केली ठावं हाय? मास्तरच्या घरी दोन वर्सं पाणी भरलंय. खांद्यावर ह्यो वळ हाय बघ अजून."

"तुमी पाणी भरलं म्हनून माझ्या पोरानंबी भरायचं?"

"भरावं! काय बिघडलं? माझ्या गुऱ्हाळावर वरीसभर काम करू दे. पुढच्या साली सवताची फी घिऊन ताठ मानेनं जाईल."

"पुढच्या साली कालेजवालं जागा राखून बसणार हायती व्हय?"

कुशाबाई मागे फुलांच्या माळा करत होती. तिला गप्प बसणं कधी जमलेलं नाही. "बापूसाहेब," ती म्हणाली, "तुमच्या पुतण्याला गुऱ्हाळावर का घालत न्हाय? कोंबडा तरी वितळंल चुलवणापुढं."

दोघे चौघे हसले. बापूसाहेब हसले नाहीत.

मग रंगूबाई एक गोष्ट बोलली, ती मला अजून आठवते. आमचे रामहरीबुवा नरसिंहपूरहून येतात, दरवर्षी काल्याचं कीर्तन करतात. बिदागी घेत नाहीत. ज्या गावात गायचं तिथलं अन्नसुद्धा घेत नाहीत, भाकरी घरून बांधून आणतात. रंगूबाई म्हणाली, "बुवा फुकट गात्यात. त्यांच्या गाण्याची किंमत कमी झाली का? पहाटंपासनं माणसं जागा धरत्यात."

"बुवांचं रान हाय संगमावर," बापूसाहेब म्हणाले. "त्यांचं पोट भरलेलं हाय. पुण्याच्या मास्तरला पगार लागतो, रंगूबाई. कुणीतरी देतंय म्हनून तुला फुकट दिसतंय."

खरं सांगतो, दोन्ही बोलणी मला पटली. आणि म्हणून मी काहीच बोललो नाही. दुसरी किल्ली माझ्या खिशात होती, यादी माझ्या हातात होती, माझ्या शब्दाला थोडी तरी किंमत होती. आणि मी टाळाची दोरी सोडून पुन्हा बांधत बसलो. रंगूबाईने माझ्याकडे पाहिलं. "दत्तोबा भावजी, तुमीबी?" एवढंच म्हणाली आणि कागद कनवटीला लावून निघून गेली.

दोन दिवसांत गावात दोन तट पडले. विहिरीवर बायका एकमेकींच्या घागरीकडे बघेनात. ऊसवाले म्हणायचे, आमच्या ढेपेवर दुसऱ्याची पोरं का शिकवायची. बाकीचे म्हणायचे, ढेप काय एकट्याने केली? फडात तोडायला कोण होतं, चुलवणात चिपाडं कोणी सारली? हरिपाठालासुद्धा माणसं दोन बाजूंना दोन रांगांत बसायला लागली. माझा जीव तुटायचा, पण तोंड उघडायचं नाही.

सहावा दिवस गुरुवार. आठ ते दहा पहारा बापूसाहेबांच्या घरचा. ते स्वतः उभे राहिले, गडीमाणसाला कधी पाठवायचे नाहीत. त्या माणसाबद्दल हेही सांगितलं पाहिजे. गुडघे गेलेले, वय साठीला आलेलं, तरी स्नान करून, धूतवस्त्र नेसून आठाच्या ठोक्याला हजर. दहा ते बारा रंगूबाईच्या घरचा.

दहा वाजले. जोतीराम आला नाही.

सव्वादहाला रंगूबाई आली. एकटी. मंडपाच्या कडेला, बायकांच्या अंगाला बसली आणि पदर नीट केला.

"जोत्या कुठंय?" बापूसाहेबांनी विचारलं. वीणा गळ्यात असताना बोलायला बंदी नाही, पण तार थांबता कामा नये. त्यांचं बोट चालू होतं.

"बारामतीला. वांगी घिऊन धाडलाय."

"आज? पहारा हाय म्हाईत न्हाय?"

"म्हाईत हाय की." रंगूबाई शांतपणे म्हणाली. "पण आमच्या घरचा पहारा आता फुकट न्हाय, बापूसाहेब. फी पडंल."

कुशाबाईच्या हातातली सुईसुद्धा थांबली. देवाच्या पहाऱ्याला फी! असलं बोलणं या देवळात कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"देवाच्या दारात सौदा करतीस?"

"सौदा तुमी मांडला. फुकट मिळालं की किंमत ऱ्हात न्हाय म्हनलात. मग आमच्या घरची किंमत नको का ऱ्हायला?"

"पाप लागंल!"

"लागू द्या. तुमच्या उसाला न्हाय लागणार."

बापूसाहेबांचं बोट तारेवर जोरात पडायला लागलं. नाम घेता घेता ते दात खात होते. त्यांचा गडी पुढे आला, म्हणाला, धनी, मी घेतो. बापूसाहेबांनी नुसत्या डोळ्यांनी त्याला मागे हटवलं. वीणा त्यांच्याच गळ्यात होती तोवर त्यांचाच पहारा लांबत होता. गड्याने घेतली असती तर रंगूबाईच्या घरचं नाव पुसलं गेलं असतं, आणि ते तर त्यांना मोकळं रान होतं, नाही का? भांडण तिथेच मिटलं असतं. पण नाही. महिपतीच्या घरचं नाव आपल्या हाताने पुसायला तो माणूस तयार झाला नाही. का नाही झाला, ते मला विचारू नका.

अकरा वाजले. साडेअकराला ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घ्यायला लागले. ऊन मंडपाच्या पत्र्यावर आलं. पोटऱ्या सुजलेल्या लांबून दिसत होत्या. कोणीतरी पाण्याचा तांब्या ओठाला लावला, ते दोन घोट प्याले. बोट तारेवर होतंच.

बाराला त्यांचा आवाज बसला. त्यांनी एका हाताने कनवट सोडली आणि नोटांची पुरचुंडी रंगूबाईच्या पुढ्यात टाकली. "घे! हे माझं हायती, माझ्या खिशातलं. भर जा तुझ्या पोराची फी. आन त्याला हितं उभं कर."

पुरचुंडी तिच्या पायाशी पडली. तिने बोटसुद्धा लावलं नाही. पायाच्या अंगठ्याने ती परत त्यांच्याकडे सरकवली.

"भीक मागायला न्हाय आले मी. माझ्या मालकानं ह्या पेटीसाठी दोन साल तुमची गुऱ्हाळं पेटवलीत, मजुरी सोडून. इसरलात? पेटी उघडा. तुमच्या खिशातलं नको."

"पेटी उघडणार न्हाय."

"मग उभं ऱ्हावा."

असं ते चाललं होतं. सांगायला दोन वाक्यं, पण दोन तास चाललं. मी टाळ वाजवत होतो. मी मध्ये पडायला हवं होतं. यादी माझी, किल्ली माझी. दर वेळी वाटायचं, आता बोलतो, आणि दर वेळी मी पुढचं नाम वरच्या पट्टीत घ्यायचो. नामाच्या आड लपणारा माणूस असतो तो कसा दिसतो हे बघायचं असेल तर माझ्याकडे बघा.

दोन वाजायला आले आणि सडकेवर मोटार थांबल्याचा आवाज आला. जोतीराम रिकाम्या पाट्या घेऊन उतरला. वाटेतच कोणीतरी त्याला सांगितलं असणार. पाट्या त्याने पायरीशी ठेवल्या, रांजणातलं पाणी पायांवर घेतलं आणि ओल्या पायांनी सरळ आत आला.

"जोत्या, मागं हो!" रंगूबाई उभी राहिली. "मी सांगितल्याबिगर हात लावायचा न्हाय."

"आई, किती वाजल्यात?"

"वाजू दे."

"आबा मागल्या साली ताप अंगात घिऊन उभं होते हितं," जोतीराम म्हणाला. "त्यांनी कुणाला फी मागितली न्हवती. घराचा पहारा हाय. तुझा बी न्हाय, माझा बी न्हाय."

"आन तुझं कालेज?"

"ऱ्हायलं," तो म्हणाला.

रंगूबाई मटकन खाली बसली. तिच्या हातातलं एकच हत्यार पोराने तिच्या देखत खाली ठेवलं होतं. ती त्याच्याकडे अशी बघत होती की वैरी बरा.

जोतीराम बापूसाहेबांच्या पायावर डोकं ठेवून उठला आणि दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. आता बापूसाहेबांनी वाकायचं. साऱ्या मंडपाचे डोळे त्यांच्या कमरेवर. एकोणीस वर्षांचं पोर, अंगाला वांग्यांच्या पाट्यांचा वास, आणि त्याच्यापुढे चाळीस एकरांचा धनी.

ते वाकेनात.

"गुडघं धरल्यात," कोणीतरी कुजबुजलं.

"गुडघं न्हाय धरलं," कुशाबाई म्हणाली. हळू नाही, चांगली मोठ्याने.

तसे बापूसाहेब वाकले. एका हाताने वीणा छातीशी धरून, दुसऱ्याने खांब पकडून, हाडं वाजवीत वाकले, आणि त्यांचं कपाळ त्या पोराच्या ओल्या पायांना लागलं. वीणा या गळ्यातून त्या गळ्यात गेली. तार एक क्षणही थांबली नाही. मी मोजत होतो, म्हणून सांगतो.

मला वाटलं, झालं. आता मन विरघळेल, आता गळ्यात गळे पडतील. कीर्तनात असं होतं ना. बुवा आख्यान रंगवतात आणि शेवटी दुष्टसुद्धा रडतो. मी डोळे पुसायला उपरणं हातात घेतलंसुद्धा.

बापूसाहेब पायरीवर बसले, पोटऱ्या चोळल्या, आणि बसलेल्या आवाजात म्हणाले, "पोरा, तू न मागता दिलंस म्हनून मी बदललो, असं समजू नगंस. वीणेच्या पाया पडलोय मी. माझं म्हननं तेच हाय. फुकटच्या शिक्षणानं पोरं नासत्यात. मानसिंग नासला, तूबी नासशील." मग त्यांनी करगोटा हिसडला. दोरा तुटला. किल्ली त्यांनी माझ्या अंगावर फेकली, माझ्या कपाळाला लागली. ही खूण बघा, इथे. "घे, दत्तोबा! तुजी एक आन माजी एक. उघड काय उघडायचं ते. माज्या हातानं उघडणार न्हाय, आन आजपासनं माज्या ढेपेचा आणाबी पडणार न्हाय. आन तू रं, मेंगळटा? दोन दिस दोन्ही बाजूंच्या पंगतीत बसलास. तुज्यापरीस ही बाई बरी."

एवढं बोलून ते गड्याच्या खांद्यावर हात टाकून घरी गेले. दुसऱ्या दिवशीच्या काल्याला आले नाहीत. त्यांच्या वाटची दहीलाही गड्याबरोबर पाठवली, ती त्यांनी घेतली, असं गडी म्हणाला.

जोतीरामने चारपर्यंत पहारा पुरा केला. त्याच्यानंतर पाळी पुन्हा पहिल्या घराची, ते घर माझं. त्याने वीणा माझ्या गळ्यात दिली तेव्हा मी त्याच्या पायावरून डोकं उचलायला जरा उशीर केला. सहा वाजता मी पेटी उघडली. शनिवारी सकाळी पुण्यात फी भरली गेली.

रंगूबाईने बापूसाहेबांना क्षमा केली नाही, बापूसाहेबांनी रंगूबाईला केली नाही. पूर्वी ते आपली पाण्याची पाळी अर्धा तास आधी सोडायचे, शेवटच्या रानाला पाणी पुरावं म्हणून. त्या सालापासून शेवटच्या मिनिटापर्यंत धरली. तिची एका उन्हाळ्यात सगळी वांगी वाळली. तिने तक्रार केली नाही, की विनवणीही केली नाही. बांधावर समोरासमोर आले तर एक जण पाठ फिरवायचा.

पण सप्ताह दरवर्षी येतो आणि पाळी पाण्याची तीच पहाऱ्याची. जोतीराम पुण्याला होता, मग पुढच्या साली वीणा घ्यायला रंगूबाई स्वतः उभी राहिली. बाईने वीणा घ्यायची का, यावर पुन्हा एक कडाक्याचं भांडण झालं, ते सांगत बसलो तर बुवा येऊन परत जातील. त्या भांडणात बापूसाहेब एकच वाक्य बोलले, तेही तिच्याकडे न बघता: "घराचा पहारा हाय." बस्स. त्यानंतर पाच सालं, दर ज्येष्ठात, दहाच्या ठोक्याला, ते तिच्या पाया पडायचे आणि ती त्यांच्या. दोघांची तोंडं दगडासारखी. शब्द नाही, नजर नाही. वीणा जायची.

जोतीराम पदवी घेऊन इंदापूरला मास्तर झाला. मानसिंग गुऱ्हाळ बघतो, आणि चांगलं बघतो. फीचं कोणाचं म्हणणं खरं होतं, ते मला अजून ठरवता येत नाही. पेटी अजून चालू आहे, पण उसाचे निम्मे आणे बंद झाले ते झालेच. दरवर्षी दोन पोरं येतात आणि पैसे एकापुरते असतात. त्या वेळी मला बापूसाहेबांचा राग येतो आणि त्यांची आठवणही येते.

गेल्या मार्गशीर्षात ते गेले. फार माणसं नव्हती. रंगूबाई आली नाही. यंदा त्यांच्या घरचा पहारा मानसिंग करतो.

हां, मोटारीचा आवाज आला. बुवा आलेच. उठा, वाट द्या त्यांना. पण एक मागणं आहे. आज कीर्तनात बुवा पुंडलिक वरदा म्हणतील, तेव्हा मनात एकदा बापूसाहेबांचं नाव घ्या. रंगूबाईला गाव विसरणार नाही, जोतीरामचं नाव शाळेच्या फलकावर आहे. ह्या माणसाचं मात्र कोणी नाव काढत नाही, आणि त्याने गुडघ्यांची वाट लागेपर्यंत सहा तास वीणा खाली टेकवली नव्हती.